मिटणारा हेडफोन आणि मुलाणी सर

कुणी नवा हेडफोन हातात दिला की मुलाणी सर आधी तो मिटायचे. कानाला लावणं ही फार पुढची गोष्ट. पट्टीच्या दोन्ही बिजागऱ्या आत दुमडायच्या, वायर बोटांभोवती गुंडाळायची आणि सगळं मिळून मुठीत मावतं का ते पाहायचं. मग ती मूठ कानाशी नेऊन हळूच हलवायची. आत काही खुळखुळलं की सरांची मान नकारार्थी हलली म्हणून समजावं. "उघडल्यावर काय, सगळेच चांगले दिसत्यात," ते म्हणायचे. "मिटल्यावर स्वभाव कळतो."

हेच वाक्य ते माणसांनाही लावायचे. त्यामुळे स्टाफरूममध्ये कुणी टेबलावर डोकं टेकून डुलकी काढत असलं आणि सर त्याच्याकडे निरखून बघू लागले, की बाकीच्यांना हसू आवरायचं नाही.

दस्तगीर मुलाणी हे आमच्या वेल्ह्याच्या हायस्कुलातले चित्रकलेचे शिक्षक. मी तिथं भूगोल शिकवायची. राहायला दोघंही भोरला, एकाच गल्लीत, त्यामुळे रोज सकाळची एसटी एकच. सर उंच, किडकिडीत, पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टाच्या खिशावर कायम कुठल्यातरी रंगाचा डाग. चष्म्याची काडी एकदा मोडली ती त्यांनी दोऱ्याने बांधली आणि पुढे तो दोराच त्यांना आवडायला लागला. मुलांना दहापैकी सातच्या वर गुण त्यांनी कधी दिले नाहीत. "वरचे तीन अल्लानं स्वतःकडं ठेवल्यात. त्याला बी काही काम नको का?" असं वर उत्तर. एका मुलीने आंब्याचं झाड फार सुरेख काढलं होतं. सरांनी ते लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं आणि म्हणाले, "आंबा झ्याक आहे. पण पडला तर आवाज येईल असं वाटत न्हाई." ती मुलगी आठवडाभर आंबे काढत बसली होती.

चित्रकलेच्या माणसाला आवाजाचं एवढं वेड कुठून आलं, हे मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "डोळं दिवसभर चाकरी करत्यात, बाई. कानाला तरी सुट्टी पाहिजे." मेहुण्याने पुण्याहून आणलेला वॉकमन त्यांच्या आयुष्यात आला तो नव्वदीच्या मध्यावर. त्याच्यासोबत आलेला हेडफोन होता अगदी हलका: पातळ पोलादी पट्टी, दोन काळ्या वाट्या आणि त्यांवर स्पंजाची टोपडी. तो दुमडला की अडकित्त्याएवढा व्हायचा. सरांनी पहिल्याच दिवशी त्याचं चित्र काढलं, मिटलेला, अर्धा उघडलेला आणि पुरा उघडलेला. ते चित्र त्यांच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेलं होतं आणि सरांच्या बायकोला, म्हणजे आमच्या भाभींना, कपाटातून साडी काढताना ते रोज बघावं लागे.

हळूहळू अशी पाळी आली की भोरात कुणालाही हेडफोन घ्यायचा असला तर आधी मुलाणी सरांना दाखवायचा. बाजारपेठेत रेडिओ-घड्याळांचं दुकान चालवणारे बाळूशेठ तर नवा माल आला की खोक्यासकट गल्लीत हजर होत. सर ती वस्तू एक दिवस ठेवून घेत आणि तिची परीक्षा घेत. परीक्षा एसटीत व्हायची. भोरला बसतानाच हेडफोन डोक्यावर चढवायचा, चष्म्यासकट. कापूरहोळ येईपर्यंत डोक्यावर काही आहे हे विसरायला झालं तर तो पास. नसरापूरला विसरायला झालं तर काठावर पास. आणि वेल्ह्याला उतरेपर्यंत कानाची पाळी चष्म्याच्या काडीवर चेंगरल्याचं आठवत राहिलं, तर नापास, मग आवाज कितीही गोड असो. "आवाज चांगला म्हणून दुखणं सोसायचं न्हाई," हा नियम. आमच्या हेडमास्तरांचा आवाज फार चांगला होता, त्यामुळे हे वाक्य स्टाफरूममध्ये विशेष लोकप्रिय झालं.

प्रवासात एकाच ठिकाणी ते हेडफोन काढत. भाटघर धरणाची भिंत दिसायला लागली की देवळावरून जाताना माणसं चप्पल काढतात तसे ते कान मोकळे करत आणि खिडकीची काच सरकवत. पाणी सोडलेलं असलं तर त्याचा घोष एसटीच्या खडखडाटातूनही यायचा. भिंत मागे पडली की पुन्हा हेडफोन कानावर.

आवाजाची परीक्षा गाण्यावर घ्यायची नाही, हाही नियमच. "गाण्याला चाल असती. चाल माणसाला भुलवती. फोडणीला चाल न्हाई, ती खरं बोलती." म्हणून त्यांनी स्वतःची एक कॅसेट तयार केली होती. घरचा टेपरेकॉर्डर पिशवीत घालून हा माणूस सुट्टीच्या दिवशी हिंडायचा. कॅसेटमध्ये नीरेचं पाणी होतं, आमच्या शाळेची घंटा होती, वेल्ह्याच्या भातखाचरांतला वारा होता, कंडक्टरच्या दोरीची टिंग होती. आणि शेवटी होती फोडणी. सकाळच्या वेळी स्वयंपाकघरातल्या फळीवर त्यांनी टेप चालू करून ठेवला होता, भाभींना न सांगता. तेल तापल्याची शांतता, मग मोहरी, मग कांदा पडल्याचा मोठा चरचराट, आणि तो बसता बसता भाभींचा आवाज, "अवो, मीठ बघता का जरा?" मग पावलं, आणि खट करून टेप बंद.

ही कॅसेट मी पहिल्यांदा ऐकली ती एका थंडीच्या सकाळी. भाटघरच्या जलाशयावर धुकं इतकं दाट होतं की एसटी रस्त्यावरून चालली आहे की पाण्यावरून ते कळत नव्हतं. ड्रायव्हर दिवे लावून अंदाजाने हाकत होता. भिंत मागे पडल्यावर सरांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, "बाई, कान द्या." मी तो लावला आणि बाहेरची गाडी, माणसं, कोंबड्यांची पाटी, सगळं विरून गेलं. पांढऱ्या धुक्यात मला कांदा परतल्याचा आवाज येत होता. मी डोळे मिटले. कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मी उभी आहे, आत ऊन आलंय आणि मला कुठेही जायचं नाहीये, असं काहीतरी वाटलं. मग भाभी म्हणाल्या, मीठ बघता का जरा. मी अभावितपणे हात पुढे केला. सर मोठ्याने हसले.

"कुठं आहे ती?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"रशीदा. आवाज कुठं वाटतोय?"

मी विचार केला आणि कपाळाच्या मागे, अगदी मधोमध बोट दाखवलं. सर खूश झाले. घरच्या टेपवर भरलेला आवाज दोन्ही वाट्यांत सारखाच उतरतो, आणि दोन्हीकडे सारखा आला की डोक्यात मध्यावर बसतो, हे त्यांनी मला समजावून दिलं. हेडफोन खरा असेल तर रशीदा मधोमध यायला हवी. एक वाटी जरी कच्ची असली तर ती बाजूला सरकते. सगळ्या परीक्षेचा शेवटचा प्रश्न हाच होता आणि सात गुण मिळण्यासाठी तो सोडवावाच लागे.

भाभींबद्दल सांगायला हवं. रशीदाभाभी बुटक्या, गोऱ्या, माहेर सारोळ्याचं. बोलणं इतकं हळू की समोरच्याने पुढे वाकावं. पण बोलल्या की नेमकं. आपली फोडणी अख्ख्या भोर-वेल्ह्यात वाजते हे त्यांना कळलं तेव्हा त्या सरांशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "बाई, मोहरी तेवढी जळकी हुती त्या दिसाची. ती बी ऐकू येती का वो?"

दोन-चार वर्षं अशी छान गेली. मग सरांच्या परीक्षेत सगळे नापास व्हायला लागले. आरामात पास, घडीत पास आणि शेवटच्या प्रश्नाला सरसकट नापास. "उजवी वाटी कच्ची," सर म्हणायचे. "रशीदा डावीकडं सरकती." एक झाला, दोन झाले, मग तर ओळीने. सरांचा निष्कर्ष ठरला, की हल्लीचे कारखानदार उजव्या बाजूला काटकसर करायला लागलेत. हा सिद्धांत ते स्टाफरूममध्ये फार गंभीरपणे मांडायचे आणि आम्ही तितक्याच गंभीरपणे माना डोलवायचो.

बाळूशेठचा एक किस्सा त्याच काळातला. एक फार देखणा मिटणारा हेडफोन त्यांच्याकडे आला होता. पिसासारखा हलका, आणि त्याच्या वाट्या बिजागरीवर पूर्ण गोल फिरायच्या, इतक्या की स्पंज बाहेरच्या बाजूला यावा. सरांनी त्या फिरवून बघितल्या आणि म्हणाले, "हे कशाला? उलटा कान कुणाला असतोय?" त्या फाजील कलाकुसरीबद्दल एक गुण कापला, उजव्या वाटीबद्दल उरलेले. हेडफोन परत गेला. पंधरा दिवसांनी बाळूशेठ दुसऱ्या खोक्यातून 'नवा माल' घेऊन आले. सरांनी तो मिटला, मुठीत धरला, बिजागरीवरचा केसाएवढा ओरखडा अंगठ्याने चाचपला आणि शांतपणे म्हणाले, "बाळू, तीच पोरगी दुसऱ्या साडीत दाखवतो व्हय?" बाळूशेठ ओशाळले. पण तरीही बोलले नाहीत, की सर, पोरीत काही खोट नाही.

कारण तोपर्यंत सगळ्यांनाच कळलं होतं. सरांचा उजवा कान जात होता.

मला ते ईदच्या दिवशी कळलं. शिरखुर्म्याला दरवर्षी आमचं बोलावणं असायचं. सर खाटेवर बसायचे आणि भाभी त्यांच्या उजव्या हाताला, स्वयंपाकघराच्या दाराशी पाट मांडून. तिथून आत-बाहेर करायला सोपं. त्या वर्षी भाभींचा पाट डावीकडे, भिंत आणि कपाट यांच्या बेचक्यात होता. गुडघे दुमडून, अंग चोरून त्या बसल्या होत्या आणि दर वेळी उठताना कपाटाचा कोपरा खांद्याला लागत होता. मी म्हटलं, "भाभी, तिकडं मोकळं आहे की." त्या उठल्या. मग वाट्या ठेवायला म्हणून मला आत घेऊन गेल्या.

"त्या अंगाला बोललेलं ह्यांना येत न्हाई," त्या म्हणाल्या. "तवा सरकले मी इकडं."

"सरांना सांगितलं नाही?"

"काय सांगू? त्यांचा एकच तर शौक. उद्या म्हनलं, तुमचा कानच न्हाई, तर सगळं ट्रंकेत घालून गप बसतील. मला ठावं हाय त्यो मानूस. आवाज आवडतो म्हनून त्यो घरात हसतो-बोलतो." त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. "आन् सरकायला काय लागतंय, बाई?"

मला त्या क्षणी सरांचा फार हेवा वाटला. आयुष्यात कुणीतरी आपल्यासाठी इतकं निमूट सरकावं असं वाटलं, हे कबूल करायला हरकत नाही.

मग मी बघायला लागले, तर काय, सगळेच सरकलेले. हेडमास्तरांची खुर्ची स्टाफरूममध्ये टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. बाहेर जायची परवानगी मागायला पोरं सरांच्या डाव्या हाताला उभी राहात. एसटीत उजव्या रांगेतली खिडकीची जागा सरांची ठरून गेली. कुणीही आधी बसलेलं असलं तरी उठून त्यांना द्यायचं, म्हणजे उजवा कान खिडकीकडे जाई आणि शेजारी बसणारा आपोआप डावीकडे येई. सर त्याला मान समजत. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्याकडे मोठ्या माणसाचं उणं त्याच्या तोंडावर काढत नाहीत; जरा अंग चोरून जागा करून देतात आणि विषय भातलावणीवर नेतात. ते बघताना मला बरं वाटायचं आणि धास्तीही वाटायची. सगळ्यांनी मिळून काम इतकं बेमालूम केलं होतं की बिचारे कारखानदार फुकट बदनाम होत होते, आणि भाभी म्हणतात तशी ट्रंक उघडायची वेळ कुठल्याही दिवशी येणार होती.

ती आली पुन्हा एका धुक्याच्याच सकाळी. सरांच्या शेजारी मी होते. भाभींनी आवराआवर करताना सरांचा जुना हेडफोन घडी घालून पिशवीत टाकला होता. भोरपासून सर तो लावून बसले होते. भाटघरला काढला, काच सरकवली, पाण्याकडे कान केला आणि भिंत मागे पडल्यावर पुन्हा लावायला घेतला. तेव्हा त्यांचं लक्ष वाट्यांवरच्या डाव्या-उजव्याच्या झिजलेल्या अक्षरांकडे गेलं. त्यांनी चष्मा वर केला, अक्षरं डोळ्यांजवळ धरली. मग हेडफोन फिरवून लावला. कॅसेट मागे घेतली. ऐकली. काढला, पुन्हा फिरवला, पुन्हा लावला. कापूरहोळ आलं, गेलं. ते तेच करत होते. त्यांच्या हाताकडे मला बघवेना म्हणून मी धुक्यात बघत बसले.

"बाई."

"काय, सर?"

"भोरपासून हा उलटा घातलेला मी."

"मग सरळ घाला की."

"घातला. दोन्ही बारीला रशीदा डावीकडंच."

वाटी बदलली की आवाजाने बाजू बदलायला हवी होती. ती बदलली नव्हती, म्हणजे खोट वाटीत नव्हती. सरांना हे समजावून सांगायची गरजच नव्हती, कारण हे शास्त्र मला त्यांनीच शिकवलं होतं.

काचेवर बोट टेकवून ते म्हणाले, "खिडकी मला देता ती ह्यासाठी व्हय?"

"मान म्हणूनही देत होतो, सर."

"ते ऱ्हाऊ द्या." त्यांनी हेडफोन मिटला. नेहमीसारखा मुठीत धरला, पण कानाशी नेला नाही. "रशीदाला ठावं आहे?"

"सगळ्यांत आधी त्यांनाच कळलं."

सर खिडकीकडे वळले. "म्हणून ती कपाटाला चिकटून बसती," ते काचेकडे बघून म्हणाले. "मला वाटायचं तिला तिथं गारवा लागतो." चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या टोकाने पुसला, आणि नसरापूर आलं तरी पुसतच होते.

त्या संध्याकाळी भोरला उतरल्यावर ते घरी न जाता बाजारपेठेत गेले. मला भाजी घ्यायची होती म्हणून मीही मागोमाग. बाळूशेठच्या दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. सर पायरीवर उभे राहिले आणि वर्गात हजेरी घेताना लावत तसा आवाज लावून म्हणाले, "बाळू, तुझा सगळा माल पास. माझा उजवा कान नापास आहे. चार लोकांदेखत तुझ्या मालाला नावं ठेवली, तवा चार लोकांदेखत सांगतो." बाळूशेठ काउंटरमागून बाहेर आले, कपाटातून तो गोल फिरणाऱ्या वाट्यांचा हेडफोन काढला आणि सरांच्या हातात ठेवला. म्हणाले, "सर, ह्या पोरीला आता तुमीच पदरात घ्या. दोनदा माघारी आलेली, कोण नेणार तिला?" सर हसले. मला वाटलं, चला, निभावलं.

पण भाभींचं खरं झालं. पुण्याच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, की आतली शीर वाळली आहे, आता परत यायची नाही. त्यानंतर सरांनी वॉकमन, कॅसेट, सगळे हेडफोन ट्रंकेत भरले आणि ट्रंक खाटेखाली सारली. कपाटाच्या दारावरचं चित्र तेवढं राहिलं. वर्गात ते नीट शिकवत, सात गुण देत, पण आंबा पडल्याचा आवाज वगैरे काही म्हणत नसत. एसटी भाटघरला आली तरी काच सरकवत नसत. मीच एकदा हात पुढे करून त्यांच्यापुढची काच सरकवली, तर ते म्हणाले, "गार लागतंय, बाई." मला भयंकर राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही. भाभी एकदा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "घर लई गप झालंय वो. मी बोलते, ते ऐकत्यात. पन पैलं मी बोलले नसले तरी ऐकायचे." पाट मात्र त्यांनी डावीकडेच ठेवला होता.

पुढे सर निवृत्त झाले. तोवर पोरांच्या खिशात मोबाईल आले होते आणि हेडफोनची परीक्षा घ्यायला कुणाला सवड नव्हती. माझी बदली पुण्याच्या बाजूला झाली. भोर सुटलं, सणासुदीला येणं-जाणं तेवढं राहिलं.

अशीच एकदा दिवाळीच्या सुट्टीत भोरला निघाले होते. भाटघरपाशी एसटीचं चाक बसलं. ड्रायव्हर-कंडक्टर जॅक शोधायला लागले तशी मी खाली उतरले आणि पाय मोकळे करायला पाण्याच्या बाजूला गेले. दुपार कलली होती. पाणी इतकं स्थिर होतं की पलीकडचा डोंगर त्यात उलटा झोपल्यासारखा दिसत होता. काठाच्या दगडावर दोन माणसं पाठमोरी बसली होती, डोक्याला डोकं लावून. वय झालेली माणसं आमच्याकडे उघड्यावर अशी बसत नाहीत. म्हणून मी जरा दुरूनच थांबले. मग चष्म्याचा दोरा दिसला.

मुलाणी सर आणि भाभीच होत्या. भाभी डावीकडे. दोघांच्या डोक्यांच्या फटीत तो हेडफोन होता, बाळूशेठचा, दोनदा माघारी गेलेला. त्याच्या वाट्या पूर्ण फिरवून बाहेरच्या बाजूला केल्या होत्या. एक वाटी सरांच्या डाव्या कानाला, दुसरी भाभींच्या उजव्या कानाला, आणि पट्टी भाभींनी वरून एका हाताने धरली होती. वॉकमन सरांच्या मांडीवर.

माझी चाहूल लागली तशा भाभी वळल्या आणि लाजल्या. पण हेडफोन सोडला नाही, कारण तो सोडला असता तर सरांच्या कानावरून पडला असता.

"ट्रंक झाडायला काढली हुती," भाभी म्हणाल्या. "ह्या वाट्या अशा फिरत्यात, तर मी म्हनलं, करनाऱ्यानं उगंच फिरवल्या नसतील. दोघांसाठी केलं असंल. बसा की, बाई. मी एवढी मोठ्यानं बोलायची व्हय वो? मीठ बघा, मीठ बघा."

"काय सर," मी विचारलं, "किती गुण?"

सरांनी हाताची दहा बोटं वर केली. मुलाणी सरांची दहा बोटं. मला एकदम भरून आलं आणि ते लपवायला मी चिडवायच्या सुरात विचारलं, "आणि रशीदाभाभी कुठं आहेत? डावीकडंच का?"

सरांनी मान हलवली नाही. डोळे मिटलेलेच होते. त्यांनी बोट उचललं आणि दोघांच्या डोक्यांच्या मधल्या त्या चिंचोळ्या जागेकडे दाखवलं.

"मधी," ते म्हणाले. "बरोब्बर मधी."

रस्त्यावरून कंडक्टरने हाक मारली. मी गाडीत जाऊन मागच्या काचेशी उभी राहिले. गाडी वळेपर्यंत ती दोन डोकी दिसत होती. सरांचा एक हात पाण्याच्या दिशेने पुढे आला होता, तळवा वर, चव बघायला पुढे करतात तसा.